वादळ आकार

वादळ सुटलं की आमच्या गावातली माणसं घरात पळतात आणि गुणवंतराव घराबाहेर येतात. डोक्याला मफलर, पायात गमबूट, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. भर वैशाखात कानाला मफलर बांधलेला माणूस पाहून गावात आलेल्या पाहुण्याला वाटतं, याला थंडी-ताप आलाय. आम्हाला मात्र कळतं की पश्चिमेकडून काळं भरून आलंय. गुणवंतराव ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात उभे राहतात आणि वादळाची नोंद घेतात. वारा किती वाजता सुटला, कोणाची टिनं उडाली, कोणतं झाड आडवं झालं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणता खांब हलतोय.

विजेच्या खांबांना नंबर असतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. ते खांबांची विचारपूस माणसांसारखी करतात. मी सकाळी दुकानाला निघालो की ओट्यावरून आवाज येतो, "सुधाकर, बावन्न कसा आहे रे? परवा जरासा झुकल्यासारखा वाटला मले." बावन्न कोणता हे मला आजही नक्की माहीत नाही. मी आपलं "बरा आहे काका" म्हणतो आणि गाडीला किक मारतो.

माझं शेलूबाजारात झेरॉक्सचं दुकान आहे आणि आमचं गाव तिथून पाच किलोमीटर आत आहे. गुणवंतराव आमच्या समोरच्या घरात राहतात. एकतीस वर्षं त्यांनी लाईट ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर काढली. जन्मात कधी खांबावर चढले नाहीत, पण कोणत्या खांबाला खड्डा खणण्यापासून तार ओढेपर्यंत किती खर्च येतो ते झोपेतून उठवून विचारा, सांगतील. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात आपल्या वऱ्हाडीला मध्येच ऑफिसची इस्त्री बसलेली असते. लग्नाच्या पंगतीत त्यांना कोणी तिसरी बुंदी वाढायला आलं की ते हात आडवा धरून म्हणतात, "मंजूर भार संपला."

आपण सगळे लाईटबिल कसं वाचतो? खालचा आकडा बघतो, एक शिवी देतो आणि बिल घडी करून ट्यूबलाईटच्या पट्टीमागे खोचतो. गुणवंतराव बिल पहिल्या ओळीपासून वाचतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. पूर्वी लोक आपापली बिलं घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायचे आणि हे त्यांना एकेका आकाराचा अर्थ सांगायचे. बिल चुकलंय असं त्यांनी कोणाला कधी सांगितलं नाही. सगळं समजावून झालं की शेवटी बिल परत करत म्हणायचे, "भरून टाक. आकार कोनाले चुकत नसते." हे त्यांचं पेटंट वाक्य. मयतीला गेले तरी ते हेच म्हणतात आणि तिथेही ते बरोबर बसतं.

त्यांची एकुलती एक मुलगी वर्षा अमेरिकेत आहे, समुद्राजवळच्या कुठल्याशा शहरात. बाकीच्यांची मुलं तिकडून बर्फाचे नाही तर नातवंडांचे फोटो पाठवतात. गुणवंतरावांनी मुलीकडे लाईटबिलाचा फोटो मागितला. तिला आधी वाटलं बाबा थट्टा करतायत. पण तिने पाठवला, आणि मग दर महिन्याला पाठवायची सवयच लागली. बिल आलं की हे चष्मा लावून बसत आणि युनिटवरून मुलीचा संसार वाचत. "या महिन्यात युनिट कमी झाले. कुठं गावाले गेली होती वाट्टे." किंवा, "युनिट वाढले. पाव्हने आले असतीन." मग फोनवर विचारत आणि बहुतेक वेळा ते खरं निघे.

एक दिवस ते पाच किलोमीटर चालत माझ्या दुकानात आले. फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "हे मोठ्या कागदावर काढ." वर्षाचं बिल होतं. मी काढून दिलं. त्यांनी एका ओळीवर नख ठेवलं आणि मला वाचायला लावलं. इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ वादळातून सावरण्याचा आकार असा काहीतरी होत होता.

"वादळ आकार," गुणवंतराव म्हणाले. "एकतीस वर्षं नोकरी केली, पन असा आकार पाह्यला नाही. वर्षाले विचारून विचारून समजून घेतला म्या. आइक."

गिऱ्हाईक उभं होतं, पण ऐकणं भाग होतं.

"तिकडं समुद्रातून वादळ येते. हजारो खांब आडवे करते. कंपनीनं थो खर्च एकदम बिलात टाकला त लोकं बोंबलतीन. मंग कंपनी रोखे काढते. ज्याच्याजवळ पैसा आहे थो आज रोखे घेते, त्या पैशात खांब उभे होतात. अन् सगळे ग्राहक मिळून थो पैसा पंधरा वर्षं थोडा थोडा फेडतात. हा बघ, एवढासा."

"पंधरा वर्षं? अन् वादळ एका दिवसाचं?"

"वादळ एका दिवसाचंच राह्यते. आकार पंधरा वर्षांचा."

"पण काका, पंधरा वर्षांसाठी कोण पैसे अडकवेल? आपल्याकडे पंधरा दिवसांसाठी कोणी देत नाही."

यावर ते इतके खूश झाले की स्टूल ओढून बसले. "इथंच त गंमत आहे. दर ठरवनाऱ्या सरकारी मंडळाचा हुकूम राह्यते, का जो ग्राहक आहे त्यानं हा आकार भरलाच पायजे. घर विकलं त नव्या मालकानं भराव. कमी वसूल झाला त पुढच्या खेपेले आकार जरासा वाढवतात, पन रोखेवाल्याचं देनं थांबत नाही. अन् हा पैसा कंपनीच्या गल्ल्यात जातच नाही. त्याची पेटी वेगळी. कंपनी बुडाली तरी पेटी बुडत नाही. पैसा बुडत नाही म्हनून व्याज कमी, अन् व्याज कमी म्हनून आकार बारीक. समजलं?"

"म्हणजे ज्यानं वादळ पाहिलंच नाही त्यानंही भरायचं?"

"तू ज्या खांबाच्या उजेडात शिकला, थो तुह्या पैशानं उभा होता काय?"

गिऱ्हाईक हसलं. मी निमूट दहा रुपये घेतले आणि मोठी प्रिंट गुंडाळून दिली.

पुढच्याच वैशाखात, म्हणजे आता चार वर्षं झाली, आमच्याकडे वादळ आलं. समुद्राचं नाही, आपलं नेहमीचं अवकाळी, पण चांगलंच तगडं. तलावाजवळ गावाच्या पाण्याची विहीर आहे. तिथे जाणाऱ्या लाईनीचे अकरा खांब आडवे झाले. गुणवंतरावांनी गमबूट घालून सगळी लाईन पायी पाहिली आणि चिखलाने भरून परत आले. "एकशेचार ते एकशेचौदा," ते म्हणाले. "एकशेआठ त मधातून मोडला." घरातला माणूस गेल्यासारखा त्यांचा आवाज होता.

विहिरीवरची मोटर बंद म्हणजे गावाचं पाणी बंद. बाया दीड किलोमीटरवरच्या एका शेतातल्या विहिरीवर रांगा लावू लागल्या. माझी आई सत्तरीची, तीही बादली घेऊन निघाली तेव्हा मला लाज वाटली आणि मी दुकान बंद ठेवून पाणी भरलं. लाईट ऑफिसचे साहेब भले होते. खांब देतो म्हणाले, तारही देतो म्हणाले. पण वादळ तालुकाभर होतं आणि माणसं मोजकी होती. तुमचा नंबर लागायला पंधरा-वीस दिवस जातील. गावाने खड्डे खणून, क्रेन आणून, ट्रॅक्टरने खांब ओढून तयारी ठेवली, तर आमचे लाईनमन दोन दिवसांत तार ओढून देतील.

खर्च निघाला पन्नास हजार. गावाची रीत म्हणजे वर्गणी. विजेची डीपी जळो की देवळाचा कळस पडो, आमच्याकडे वर्गणी होते आणि दर वेळी तीच वीस घरं देतात. उरलेली शंभर घरं "देतो ना" म्हणतात. मग पुढचे सहा महिने देणारे आणि न देणारे एकमेकांच्या बांधावरून बघत नाहीत. त्यात दिवस वैशाखाचे. बियाण्याची सोय व्हायची होती, लग्नं उरकली होती, सगळ्यांचे खिसे उलटे. संध्याकाळी देवळासमोर सभा बसली आणि पहिल्या पाच मिनिटांत भांडण लागलं.

"दरसालचं हेच हाये," एकजण म्हणाला. "ज्यानं देल्लं त्याले बी पानी, नाही देल्लं त्याले बी पानी. मंग म्या कायले देऊ?"

तेव्हा गुणवंतराव उठले. हातात वर्षाच्या बिलाची ती मोठी प्रिंट होती. मला पुढचं दिसलं आणि मी खाली मान घातली.

पण खरं सांगतो, त्या दिवशी त्यांनी सभा जिंकली. हिशेब सोपा होता. पाच-सात जणांनी पन्नास हजारांचे रोखे घ्यायचे. सात टक्के व्याज. गावात एकशेवीस घरं. घरटी महिना दहा रुपये वादळ आकार, चार वर्षं. चार वर्षांत मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटतं. मोठ्याला दहा, गरिबाला दहा. "दहा रुपयाची चाय येत नाही शेलूबाजारात," ते म्हणाले, "इथं पानी येऊन राह्यलं." ज्याने पैसे दिले त्याला व्याज मिळणार आणि न देणाऱ्यालाही आकार चुकणार नव्हता, त्यामुळे भांडणाचं मूळच गेलं. माझे पाच हजार गेले. आईने बचत गटातून उचलून दोन हजार घातले. गुणवंतरावांनी स्वतः वीस हजार घातले. बाकीचे चौघांनी मिळून पुरे केले. संत्र्याच्या बागेचे मालक दादाराव यांच्या घरी स्वतःची बोअर होती, त्यांनी रोखा घेतला नाही. पण घर गावात होतं, म्हणून आकार त्यांनाही लागला.

चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं. आई नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी होती.

रोखे माझ्याच दुकानात छापले. हिरवा कागद, चारी बाजूंनी खांबांची नक्षी, वर डाव्या कोपऱ्यात एक पडलेला खांब आणि उजव्या कोपऱ्यात उभा. मागच्या बाजूला चौदा नियम. गुणवंतराव सांगत होते आणि मी टाईप करत होतो, दुपारची वेळ होती, अर्धा झोपेत होतो. पेटी वेगळी पाहिजे म्हणून त्यांनी सुमनकाकूंचा पापडाचा डबा काढला. सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको, वादळाच्या दोन वर्षं आधी गेल्या. डब्याला वेल्डिंग करून कडी लावली, दोन कुलपं घातली. एक किल्ली स्वतःकडे आणि एक माझ्या आईकडे. आईने ती मंगळसूत्र नसलेल्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली, आणि तेव्हापासून ती गावात जरा ताठ चालते.

आता खरी मजा सुरू झाली ती वसुलीची. दर महिन्याच्या पाच तारखेला गुणवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून निघत. दिवसाला दहा घरं, बारा दिवस. दहा घरं म्हणजे तासाभराचं काम. त्यांना सकाळ पुरत नसे. आधी मीटरकडे बघायचं, मग खाली बसायचं, मग पावतीवर ग्राहकाचं पूर्ण नाव लिहायचं, मग शाई वाळेपर्यंत थांबायचं. तोवर चहा होतोच. चहा पिता पिता कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाच्या म्हशीने दूध आटवलं, कोणाची पोरगी बारावीला बसली ते निघायचं. पुढच्या महिन्यात त्या गुडघ्याची चौकशी आठवणीने होणार.

पोरं म्हणाली, "काका, स्कॅनर लावा. घरी बसल्या पैसे येतीन."

"ग्राहकाची प्रत्यक्ष पडताळनी आवश्यक आहे," काका म्हणाले.

एकाने अख्ख्या वर्षाचे एकशेवीस रुपये एकदम पुढे केले. काकांनी त्यातले दहा घेतले आणि एकशेदहा परत दिले. "आगाऊ भरना स्वीकारल्या जात नाही."

गावाच्या टोकाला वस्ती आहे. तिथली आठ-नऊ घरं दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात आणि होळीच्या पुढे परत येतात, तेव्हा राहिलेला आकार भरतात. त्या महिन्यांतही काका तिथे जात. बंद घराच्या ओट्यावर एक चहा होईल इतका वेळ बसत आणि वहीत लिहीत, "घर बंद." मग पुढच्या बंद घराच्या ओट्यावर बसत. हे मी एकदा स्वतः पाहिलं आणि घरी येऊन आईला हसत हसत सांगितलं. आई हसली नाही.

पंधरावा महिना. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. दादारावांची थोडी जमीन रस्त्यात गेली होती, मोबदला आला होता आणि सरपंचकीची निवडणूक जवळ होती. त्यांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की उरलेले सगळे रोखे मी एकटा फेडतो. सदतीस हजार आणि वर काय असेल ते. आजपासून गाव वादळ आकारातून मोकळं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझे पैसे लवकर परत येत होते, कोण नको म्हणेल?

गुणवंतराव उभे राहिले. "नियम अकरा," ते म्हणाले. "मुदतपूर्व परतफेडीची तरतूद नाही."

सभा हसली. दादारावही हसले. "अहो काका, कर्ज फेडाले कोनी नाही म्हनते काय? मी फेडून राह्यलो ना."

"तरतूद नाही."

"काहून नाही?"

एकतीस वर्षं कारणं देणारा माणूस नुसता वही धरून उभा होता. मग कोणीतरी मागून बोललं, "पेटीत काही गडबड असंन." ते कोण बोललं ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही. आईने तिथल्या तिथे गळ्यातली किल्ली काढली, काकांची मागून घेतली, डबा आणवला आणि टेबलावर उघडला. पैसे पावत्यांशी रुपया न रुपया जुळले. पण बोललेला शब्द काही डब्यात परत जात नसतो. गुणवंतराव डबा काखेत घेऊन घरी गेले. निर्णय पुढच्या रविवारवर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांची वसुलीची सकाळ होती. ते निघालेच नाहीत. दोन दिवस दार आतून बंद. तिसऱ्या दिवशी मी पावतीपुस्तकाचा नमुना दाखवायचं निमित्त करून गेलो. ते खाटेवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट खुंटीवर होता.

"काका," मी म्हटलं, "मी तो नियम टाईप केला, पण कशासाठी ते मला तेव्हाही कळलं नाही. तिकडच्या रोख्यांत असतो का असा?"

"राह्यते कुठं कुठं," ते म्हणाले. मग त्यांनी नमुन्यावरच्या खांबांच्या नक्षीवरून बोट फिरवलं. "मले बिनकामाचं कोनाच्या घरी जाता येत नाही सुधाकर."

मी खाटेजवळ स्टूल ओढलं.

"सुमन जात होती सगळीकडं. हळदीकुंकू, बारसं, कोनी आजारी. मी तिच्या मांगून जाऊन बसत जाओ. लोकं तिच्यासंग बोलत, मी आइकत जाओ. थे गेली अन् माह्यं जानं-येनं बी गेलं. बिलं घेऊन लोकं येत होते, थे बिलं मोबाईलवर आले. दोन वर्षं मी या घरात नुसता भिताडं पाहत बसलो. कोनाच्या दारात उभं राह्यलो त काय सांगू, कायले आलो म्हनून? एकतीस वर्षं माह्याकडं जो आला थो कामानं आला. मले दुसरं येतच नाही." त्यांनी डब्यावर हात ठेवला. "आकार घ्याले गेलो म्हंजे दार उघडते. आता दादाराव फेडीन म्हनते. चांगलंच करून राह्यला थो. मी कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे बंद घरांच्या ओट्यांची गोष्ट मी हसत सांगितली होती. मी घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

रविवारी सभा भरली. दादाराव नोटा घेऊन आले होते. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि माझी आई उठली. आई सभेत कधी बोलत नाही, तिला गरज लागत नाही, घरी तिचं सगळं बोलून होतं.

"दादाराव, तुमचं मन मोठं," ती म्हणाली. "पन म्या दीड किलोमीटरून पानी आनलं हाये. माह्या नळाचे दहा रुपये मी भरन. माह्या वाटचे दुसऱ्यानं भराले मी काई मेली नाही."

"वैनी, पन..."

"अन् नियम अकरा हाये. छापला हाये. माह्या पोरानंच छापला." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान डोलावली. मागे बायांचा घोळका होता. तिथून एक म्हणाली, आमचेही आम्हीच भरू. मग दुसरी. आईने चार दिवसांत किती घरी जाऊन तांदूळ निवडले ते मला तेव्हा कळलं. दादाराव शहाणा गडी. त्याने नोटा खिशात घातल्या, त्यातली एक दहाची काढून काकांसमोर धरली आणि म्हणाला, "मंग या महिन्याचा माह्या आकार तरी घ्या. चुकत नसते ना?" काकांनी तिथेच पावती फाडली. पूर्ण नाव लिहायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पुढे दादाराव सरपंच झाले ते वेगळं.

दिवस कोणाला थांबवता येतात? यंदाच्या वैशाखात अठ्ठेचाळिसावा हप्ता आला. रोखेवाल्यांना पै न पै मिळाली होती. आमच्या घरी पावती लिहून झाली आणि काकांनी तिच्यावर लाल शाईने लिहिलं, "अंतिम." चहा गार होत होता. ते हळूहळू पेनाचं टोपण लावत बसले.

आई म्हणाली, "गुणवंतभाऊ, आता पुढचं वादळ आलं त?"

"आलं त नवे रोखे काढू."

"वादळ आल्यावर पैसे गोळा करा, मंग व्याज द्या. हे काई मले पटत नाही. आतापासूनच थोडे थोडे जमा केले त?"

काका चमकले. मग त्यांचा चेहरा पडला. "वैनी, आगाऊ भरना स्वीकारल्या जात नाही. माह्याच नियम आहे."

"मंग पाहा काई नियमात बसते का," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

त्यानंतर महिनाभर काकांच्या घरातला दिवा उशिरापर्यंत दिसायचा. वर्षाला फोन करून त्यांनी तिच्या बिलाच्या मागची बारीक अक्षरं वाचून घेतली. वादळ येण्याआधीच राखून ठेवायचा एक आकार तिकडे असतो म्हणे. दुकानात मात्र ते फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं प्रकरण.

पाच तारखेला सकाळी साडेआठला दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट, काखेत पापडाचा डबा. पावतीपुस्तक नवीन होतं आणि छापलेलं नव्हतं. एकशेवीस पावत्या त्यांनी हाताने आखल्या होत्या, खांबांच्या नक्षीसकट. माझा धंदा बुडाल्याचं मी बोलून दाखवलं, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी आईचं पूर्ण नाव लिहिलं, पाच रुपये घेतले आणि पावती फाडून दिली. आईने ती माझ्या हातात दिली. "वाच रे."

"वादळ राखीव आकार. रुपये पाच." खाली मुदतीचा रकाना होता. मागच्या पावत्यांवर तिथे चार वर्षं असं असायचं. "मुदत, वादळ येईपर्यंत."

"म्हंजे कधीलोक?" आईने विचारलं.

काका दारात गेले. मफलर, गमबूट, बॅटरी यांशिवाय आभाळाकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पश्चिमेकडे त्यांनी नीट पाहिलं, डोळ्यांवर हात धरून पाहिलं. कुठे ढगाचा ठिपका नव्हता.

"काई सांगता येत नाही वैनी," ते आत येऊन बसत म्हणाले. "आभाळ त साफ दिसून राह्यलं." आणि साफ आभाळाचं त्यांना एवढं बरं वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आईने चहा ठेवला.